माहिती निरंक

बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावात एक मोठी सोय असते. पोरगं काय करतं या प्रश्नाला चारच उत्तरं पुरतात: डी.फार्म., बी.एड., 'एमपीएससीचं करून राह्यला' आणि 'पुण्याले हाये'. चौथं उत्तर सगळ्यात भक्कम, कारण त्यानंतर कुणी काही विचारत नाही. आमच्या कन्येनं या चारही उत्तरांना नकार देऊन अमरावतीला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, शेवटच्या वर्षाच्या शोधप्रकल्पाला काटेपूर्णा अभयारण्यातला चौसिंगा निवडला आणि माझं बसस्टँडवर उभं राहणं अवघड करून ठेवलं.

"काय करते म्हने पोरगी?"

"एम.एस्सी.चा प्रकल्प चाललाय. वन्यजीव संवर्धन."

"म्हंजे करते काय?"

"चौसिंग्याचा अभ्यास. हरणासारखा प्राणी आहे. त्याच्या लेंड्या गोळा करते."

एवढ्यावर समोरच्याला त्याची बस आल्याचं आठवतं. बस आलेली नसते. पण तो जातो.

लग्नाच्या बाजारात तर फारच पंचाईत झाली. मध्यस्थानं बायोडाटात तिच्या नावापुढे 'वनखात्याशी संबंधित' असं घालून टाकलं. मूर्तिजापूरहून पाहुणे आले, पोहे खाल्ले, चहा घेतला आणि मुलाच्या काकांनी खुर्ची जवळ ओढून हळूच विचारलं, "दोन दरवाजे अन् एक पलंग होईन इतकं सागवान भेटन का?" कन्या म्हणाली, "सागवान नाही, सागाच्या पाल्यावरच्या लेंड्या आहेत." पाहुण्यांनी नंतर कळवतो म्हणून सांगितलं. त्यांच्याकडून काही कळलेलं नाही.

आता हा चौसिंगा म्हणजे कोण, हे मलाही तोवर माहीत नव्हतं. काटेपूर्णा अभयारण्य आमच्या उंबऱ्याशी आहे. १९८८ साली जाहीर झालेलं, जेमतेम त्र्याहत्तर चौरस किलोमीटरचं, थोडं अकोला जिल्ह्यात, थोडं वाशीमात. त्याला लागून महानचं धरण, ज्याचं पाणी अकोलेकर पितात आणि आलं नाही की आमच्याकडे बोट दाखवतात. या धरणावर आम्ही आयुष्यभर रोडगे आणि वांग्याच्या भाजीच्या पार्ट्या केल्या. पलीकडच्या रानात जगातला एकमेव चार शिंगांचा वन्य प्राणी राहतो, हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी आम्ही आधी वांगी शिजली का ते पाहिलं असतं.

चौसिंगा भारतात आणि थोडाफार नेपाळात, बाकी जगात कुठेच नाही. खांद्याशी दोन फूट उंच, वजन वीसेक किलो, स्वभावानं लाजाळू, कळप करत नाही, भाषण करत नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, म्हणजे कागदोपत्री तो वाघाच्या पंगतीला बसतो. पण मान कसा, तर आम्ही चौसिंगा म्हटलं की पुढचा प्रश्न एकच, मग तो पानठेलेवाला असो, डॉक्टर असो की कन्येची सख्खी आत्या.

"अन् वाघ?"

"आत्या, माझा विषय चौसिंगा आहे."

"हो, पन वाघ हाये का तथी?"

बिबट आहे, तडस आहे, रोही, भेकर, रानडुक्कर, मोर आहेत, असं पोरगी पाढा म्हणावा तसं सांगते. समोरचा प्रत्येक नावाला मान हलवतो आणि शेवटी म्हणतो, "म्हंजे वाघ नाई." लगेच सगळ्या अभयारण्याची किंमत उतरते. मग तोच गृहस्थ सांगतो की तिकडे नसला तरी त्याच्या स्वतःच्या वावरात मात्र येऊन गेला होता.

या बाबतीत वऱ्हाडाचा खरा घोटाळा केला तो टिपेश्वरच्या एका तरुण वाघानं. टी-वन सी-वन हे त्याचं सरकारी नाव. गळ्यात रेडिओ कॉलर घालून तो २०१९ च्या उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातून निघाला, तेलंगणात डोकावून आला आणि डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर तेराशे किलोमीटर झाले होते. अभ्यासकांचं म्हणणं, हद्द, भक्ष्य आणि जोडीदार शोधत असावा. कॉलरच्या नोंदीत त्याचा मार्ग ठिपक्या-ठिपक्यांनी आहे. लोकांच्या नोंदीत मात्र तो अकोला जिल्ह्यातल्या प्रत्येक धुऱ्यावरून गेलेला आहे आणि प्रत्येकाकडे थांबून एकदा मागे वळून पाहिलेला आहे. आमच्या घरात या बातमीचा अर्थ वेगळाच लागला. कन्येची आई मला म्हणाली, "पाहा, जनावर असून जोडीदारासाठी तेराशे किलोमीटर चाललं. आपन अजून मूर्तिजापूरच्या पुढं गेलो नाई."

त्या वाघाचं आणखी एक मला फार आवडलं. दोन राज्यं, इतके जिल्हे, पण त्यानं कुणाची परवानगी काढली नाही. कन्येला मात्र काढावी लागली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २८: अभयारण्यात संशोधनासाठी जायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी हवी. हे रास्तच आहे, कारण लेंड्या गोळा करतो म्हणून आत जाऊन लोक काय काय गोळा करतील याचा नेम नाही. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत कारकुनीत गेलेली. लोकांना 'पुढच्या सोमवारी या' म्हणण्यात माझी हयात सरली. त्यामुळे मी छाती पुढे काढून म्हणालो, "कागदाचं माझ्यावर सोड."

टेबलाची उंची खुर्चीच्या कोणत्या बाजूनं पाहावी यावर अवलंबून असते, हे मला निवृत्तीनंतर समजलं. एका कचेरीत (नाव कशाला, सगळ्यांचे पंखे सारखाच आवाज करतात) पलीकडच्या तरुणानं अर्ज चाळून विचारलं, "प्राण्यांना त्रास होणार नाही याचं हमीपत्र?"

"लावलंय."

"नमुना गोळा करणार म्हणता. किती?"

"मिळतील तेवढ्या लेंड्या."

"तसं चालत नाही. आकडा टाका."

"अहो, चौसिंगा किती टाकणार ते आम्ही कसं सांगणार?"

"अंदाजे टाका. जास्त झाल्या तर सुधारित प्रस्ताव द्या."

मला गहिवरून आलं. किती तयार पोरगा होता! मी स्वतः इतक्या सफाईनं हे वाक्य म्हणायला दहा वर्षं घेतली होती. त्यानं पुढं सांगितलं की साहेब दौऱ्यावर आहेत, आणि मी नकळत त्याच्याबरोबर ओठ हलवत तेच वाक्य पूर्ण केलं. कन्या बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही भांडायला आला होता की वाहवा द्यायला?"

परवानगी आली तेव्हा हिवाळा अर्धा संपला होता. मग मला पदोन्नती मिळाली: क्षेत्र सहायक, विनावेतन, स्वतःच्या स्कूटीसह. पहाटे काळोखात निघायचं, रानाच्या फाटकाशी वनमजूर मामा भेटणार, मग ठरलेल्या रेषेवरून दोन किलोमीटर चालायचं. या रेषेला ट्रान्सेक्ट म्हणतात. ती नकाशावर पट्टीनं ओढलेली असते. रानानं पट्टी पाहिलेली नसते. वाटेत नाला येतो, बाभूळ येते, धायटीचं झुडूप येतं, एकदा तर बसलेलं रानडुक्करच आलं. पोरगी म्हणे रेषा सोडायची नाही. डुकराचंही तेच म्हणणं दिसलं. शास्त्राच्या बाजूनं आम्ही अर्धा तास उभे राहिलो.

माझं काम तक्ता भरायचं. तारीख, वेळ, प्राणी, संख्या, अंतर, कोन, अधिवास. पोरगी होकायंत्र आणि अंतरमापक घेऊन पुढं, मामा मधे, मी तक्ता घेऊन मागं. उन्हाळा लागला तसा साग उघडा पडला आणि खाली पाचोळ्याचा थर झाला. त्यावर पाय ठेवला की असा आवाज व्हायचा, की दोन किलोमीटरपर्यंतच्या समस्त प्राणिमात्राला अमरावती विद्यापीठ आल्याची वर्दी जावी. प्राणी कुठून दिसणार? मी आपला प्रत्येक रकान्यात सुवाच्य अक्षरात 'निरंक' लिहीत गेलो. पानंच्या पानं निरंक. मार्गदर्शकांना तक्ते पाठवले तेव्हा त्यांचा फोन आला, "नोंदी छान आहेत, पण हा निरंक कोणता प्राणी? फारच मोठ्या संख्येनं दिसतोय."

मामा मात्र वेगळ्याच शाळेचे. त्यांना तक्ता नको, होकायंत्र नको. जमिनीकडे पाहत चालायचे आणि मधेच बसायचे. चौसिंग्याची एक सवय संशोधकाच्या फार उपयोगाची आहे: तो पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन लेंड्या टाकतो. मोहाच्या बुंध्यापासून दोन पावलांवर अशी एक जागा मामांनी दाखवली. जुन्या, पांढुरक्या पडलेल्या तळाशी, त्यावर तपकिरी, आणि सगळ्यात वर ताज्या, काळ्या, ओलसर चमकणाऱ्या. कन्या गुडघ्यावर बसली. खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढून तिनं एकेक लेंडी चिमट्यात धरून लांबी-रुंदी मोजायला सुरुवात केली. एका टोकाला बारीक टोक, दुसऱ्या टोकाला इवलासा खळगा. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी तिच्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. मामा मला हळूच म्हणाले, "साहेब, पोरीले दिष्ट लागन. मीठ-मोहरी ओवाळजा."

"मामा, तुम्ही चौसिंगा पाहिलाय ना?" मी विचारलं.

"रोजच पाह्यतो."

"चार शिंगं असतात?"

"नराले असते. मांगची दोन मोठी, पुढची दोन बोटाच्या पेरावानी. कोनाले पुढची नुसती गाठच असते. मादीले कायीच नसते."

"मग मादी दिसली तर चौसिंगा कसा ओळखायचा?"

मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुमच्या घरच्या बाईले तुमी शिंगावून वयखता का?"

मग आले कॅमेरे. जिला कॅमेरा ट्रॅप म्हणतात ती डबी झाडाला पट्ट्यानं बांधायची, समोरून काही ऊबदार हललं की आपोआप फोटो निघतो. पहिल्या फेरीत कॅमेऱ्यानं जे वन्यजीवन टिपलं त्यात अनुक्रमे गाई, शेळ्या, शेळ्यांच्या मागचा पोरगा, कॅमेऱ्यात डोळा घालून पाहणारा शेळ्यांच्या मागचा पोरगा, आणि पहाटेच्या वेळी टमरेल घेऊन जाणारे बरेच नागरिक होते. शास्त्रीय भाषेत यांना 'मानवी हस्तक्षेप' म्हणतात. पोरगी प्रामाणिक, तिनं सगळे फोटो मोजले, चेहरे पुसले आणि रकाना केला.

आता गावात ही बातमी कशी गेली देव जाणे. झाडाले कॅमेरे लावले, गुड मॉर्निंग पथकाचे हायेत, फोटो ग्रामपंचायतीत लागणार! या पथकानं आमच्या भागात पूर्वी शिट्ट्या वाजवल्या, गुलाबाची फुलं दिली, दंडाच्या धमक्या दिल्या. कुणी ढिम्म हललं नव्हतं. पण पोरीच्या डबीनं आठ दिवसांत कायापालट केला. त्या बाजूचा मानवी हस्तक्षेप साफ बंद झाला. सरपंचांनी मला थांबवून हात जोडले, "तुमच्या म्याडमले म्हना, पूर्वेकडून बी दोन लावा." तिकडे आमच्या संशोधनाचं वाटोळं झालं. माणसाच्या वावराचा चौसिंग्यावर काय परिणाम होतो हाच एक प्रश्न होता आणि माणूसच नाहीसा झाला. मार्गदर्शकांनी विचारलं, "मार्चनंतर हस्तक्षेप एकदम शून्य कसा?" पोरीनं उत्तरात काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

प्रकल्पाचा पुढचा भाग प्रश्नावलीचा. अभयारण्याकाठच्या कास्तकारांच्या मुलाखती. प्रश्नावली कुठल्याशा इंग्रजी नमुन्यावरून तयार झालेली आणि मराठीत आली तेव्हा तिची अवस्था बिकट होती. तुरीच्या वावरात बांधावर बसून कन्येनं पहिला प्रश्न वाचला:

"वन्यप्राण्यांप्रति आपला दृष्टिकोन कसा आहे? अत्यंत सकारात्मक, सकारात्मक, तटस्थ, नकारात्मक की अत्यंत नकारात्मक?"

कास्तकारानं टोपी काढून डोकं खाजवलं. मी भाषांतर केलं, "रोही-डुकरं आवडतात का तुम्हाला?"

"कवा?"

"म्हणजे?"

"पेरनीच्या वक्ताले आवडते. फन भरल्यावर नाई आवडत."

कागदावर असा पर्याय नव्हता. पुढचा प्रश्न: आपल्या शेतात गेल्या वर्षी किती वन्यप्राणी आले?

"भरपाई किती भेटते त्यावर हाये."

"काका, ही भरपाईची यादी नाही, अभ्यास आहे."

"मंग लिवा, दोन-चार."

"आणि भरपाईची असती तर?"

"मंग शंभर-दीडशाचा कळप लिवा."

त्याचं काही खोटं नव्हतं. रोह्यांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचं काय करतो ते मी पाहिलंय. आणि जागल करणाऱ्या माणसाला थंडीत 'तटस्थ' राहायला सांगणं हा अन्यायच. शेवटी विचारलं, "चौसिंगा येतो का वावरात?"

"चौसिंगा नाई येत. लहान्या हरनावानी एक भेकरावानी येते एकटंच, पान खाते, जाते. त्याचं काय लिवता? थे कोनाच्या ध्यानात बी नसते."

कन्येनं घाईनं विचारलं, "केव्हा येतं? कुठून येतं? एकटंच का?" कास्तकाराला इतका भाव आयुष्यात कुणी दिला नसेल. पण त्याला वाटलं, पोरगी चुकीच्या प्राण्यामागे लागलीय. त्यानं तिला जवळ बोलावून प्रेमानं सांगितलं, "बाई, वाघावर करा. मी पाह्यला हाये, मी सांगतो सगळं." शेवटी अंगठ्याऐवजी झोकदार सही केली आणि ती कोरडी होईस्तोवर तिच्याकडे पाहत राहिला.

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर गेला तेव्हा कन्येचे मामा घरी आले. पोरगी उन्हानं काळवंडलेली पाहून त्यांनी व्यवहाराची गोष्ट सांगितली, "कायले मरता उन्हात? घरी पंख्याखाली बसून आकडे लिहून टाक. जंगलात कोन मोजाले जाते?"

यावर तिनं मामाला रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. हे छोटंसं घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीनं दिसलंच नव्हतं. नोंद होती ती एकच, १९१४ ची, गुजरातेतल्या मांडवीची. करणारा रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाचा नामांकित इंग्रज कर्नल. पुढं अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातला तो भुसा भरलेला पक्षी तपासला. कर्नलसाहेबांनी खानदेशात पूर्वी कुणी दुसऱ्यानंच मिळवलेला नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, त्यात पुन्हा भुसा भरून, आपली चिठ्ठी लावली होती! ती खोटी नोंद वगळून, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी शोध घेतला, तेव्हा २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा चक्क भरदिवसा झाडावर बसलेला सापडला. नंतर आपल्या मेळघाटातही सापडला.

मामांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. "मंग थ्या कर्नलले काय झालं?"

"काही नाही. तोवर तो वारला होता. ऐंशी-नव्वदच्या घरात."

"पकडला गेला मेल्यावर?"

"हो."

"मंग काय अडचन हाये?" मामा म्हणाले.

या मामांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्यांचं सगळं आयुष्य ठेकेदारीत गेलं.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. लेंड्या नुसत्या मोजून भागत नाही. त्या वाळवायच्या, कुटायच्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या पानांच्या सालीचे बारीक तुकडे पाहून प्राण्यानं काय खाल्लं ते ओळखायचं. वाळवण्याला जागा एकच, आमची गच्ची. आणि उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या गच्चीवर आधीच सत्ता कुणाची असते, हे सांगायला नको. अर्ध्या गच्चीत जुन्या लुगड्यावर सालीच्या मुगाच्या मुंगवड्या, अर्ध्या गच्चीत वर्तमानपत्रावर चौसिंगा. मधे विटांची सीमारेषा. वानरं दोन्हीकडे नापसंती व्यक्त करून जात. दोन्ही माल खडखडीत वाळला, दोन्ही सारख्याच आकाराच्या कागदी पाकिटांत भरला गेला. पोरीच्या पाकिटांवर 'प्लॉट ७' वगैरे चिठ्ठ्या होत्या. आईच्या पाकिटांवर 'सात नंबरवाल्या वहिनी' असं होतं, कारण त्या आमच्या गल्लीत सात नंबरच्या घरात राहतात आणि दर साली वड्या नेतात. पाकिटं कुणी, कुठे, कशी बदलली याची चौकशी आमच्या घरी अद्याप प्रलंबित आहे.

चार दिवसांनी अमरावतीहून कन्येचा फोन आला. आवाजात कंप होता. "बाबा, फार मोठा निकाल लागलाय. प्लॉट सातमधला चौसिंगा फक्त मूग खातोय. शंभर टक्के. नुसती मुगाची साल! म्हणजे हा प्राणी पूर्णपणे पिकावर जगतोय. सर म्हणतात पुन्हा तपास, पण असं असेल तर हे आजवर कुणीच लिहिलेलं नाही."

मी अभिमानानं ही बातमी आतल्या खोलीत सांगितली. आतून विचारणा झाली, "त्यात हिंग अन् जिरं बी सापडलं काय म्हना?"

त्यानंतर आमच्या घरात जो सन्नाटा पसरला तो मी वर्णन करू शकत नाही. मग एकाएकी आम्हा दोघांनाही सात नंबरची आठवण झाली. चपला न घालता धावलो. वहिनी दारातच होत्या.

"औंदाच्या वड्या लयच कडक झाल्या, भाऊजी. तीन घंटे झाले भिजू घालून, अजून फुगून नाई राह्यल्या."

"फोडणी दिली का?"

"आता देतच होती."

फोडणीचं तेल तापलेलं असताना नमुने परत मिळवणं या विषयावर कुठल्याही विद्यापीठाच्या मार्गदर्शिकेत एक ओळ नाही. आम्ही 'वड्यांना बुरशी होती' असं सांगून पातेल्यासकट माल हस्तगत केला. वहिनींना दुसऱ्या दिवशी दुप्पट वड्या दिल्या. त्यांना अजून काही माहीत नाही. त्या मासिकं वाचत नाहीत, या भरवशावर मी हे लिहितोय.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणात बसून प्राणी मोजण्याचा कार्यक्रम असतो, तोही केला. भडक कपडे नको, अत्तर नको, बोलायचं नाही, मोबाइल बंद. आमच्याबरोबर अकोल्याचे एक हौशी गृहस्थ होते. त्यांनी सगळे नियम पाळले, फक्त दहा वाजता झोपले आणि घोरायला लागले. रात्रभर पाणवठ्यावर एक ससा आणि डुकरांचं एक कुटुंब आलं. डुकरं पाणी पिताना मधेमधे वर मचाणाकडे पाहत, बहुतेक घोरणारा आपल्यापैकी कुणी वर चढला की काय म्हणून. सकाळी गृहस्थांनी डोळे चोळत विचारलं, "वाघ आला होता?"

आणि चौसिंगा? दिसला. असा दिसला की सांगायची सोय नाही. परत येताना, सकाळी आठच्या सुमारास, डांबरी रस्त्यावर, स्कूटीच्या पुढं. तपकिरी, बकरीएवढा, पाय बारीक, आणि डोक्यावर मोजून चार. उजव्या हाताच्या झुडपातून आला, दोन मोठी शिंगं आणि दोन बोटाच्या पेराएवढी, अगदी वनमजूर मामांनी सांगितलं तशी. आमच्याकडे पाहिलं, मान वळवली, डाव्या हाताला गेला. मी ब्रेक दाबलेला सोडला नव्हता. तक्ता पिशवीतून ओढून काढला, पेन काढलं, 'प्राणी' या रकान्यात पहिल्यांदा काही लिहिणार, तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला.

"बाबा, लिहू नका."

"का?"

"आपण ट्रान्सेक्टवर नाही. हा धरता येत नाही."

"अगं, समोर उभा होता! चार शिंगं मोजली मी!"

"मोजली, पण रेषेबाहेर."

सरकारी नोकरीत एवढा कडक नियम मी पाहिला नव्हता. त्या दिवसाच्या तक्त्यावर मी निरंक लिहिलं, पण पहिल्यांदाच सही करताना हात अडखळला.

तोंडी परीक्षा झाली. प्रबंध मान्य झाला, गुण चांगले पडले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लेंड्यांचे तक्ते उलटून पाहिले, पानांच्या सालीच्या छायाचित्रांचं कौतुक केलं आणि प्लॉट सातची नोंद दोनदा का झाली एवढंच विचारलं. कन्या म्हणाली, "पहिला नमुना दूषित झाला होता." हे शास्त्रीयदृष्ट्या शंभर टक्के खरं आहे. त्यात हिंग होता.

पावसाळा लागला, पेरण्या झाल्या. एका सकाळी ओसरीपुढं एक माणूस येऊन उभा राहिला. ओळखलं: तुरीच्या वावरातला, झोकदार सहीवाला. खांद्यावर खताचा जुना कट्टा. तो त्यानं धप्पकन खाली टाकला.

"म्याडम हायेत काय?"

"अमरावतीला गेलीय. काय आहे?"

"लेंड्या. चौसिंग्याच्या. कट्टाभर हायेत."

मी कट्ट्याचं तोंड उघडलं. वास ओळखीचा होता. "अहो, या बकरीच्या आहेत."

"बकरी काय आपलं नाव सांगते काय? तुमी तपासा तं खरं. अन् पैशाचं पाहा."

"कसले पैसे?"

"थ्या कागदावर सही घेतली न माही. सही कोनी फुकट घेते काय?"

मी तोंड उघडलं ते 'असं काही नसतं हो' म्हणायला. बाहेर पडलं ते वेगळंच.

"म्याडम दौऱ्यावर आहेत. पुढच्या सोमवारी चौकशी करा."

त्याचा चेहरा एकदम उजळला. इतका वेळ त्याला शंका होती, आता प्रकरण सरकारी असल्याची खात्री पटली. त्यानं कट्टा सरकवून भिंतीशी लावला, दोरी आवळली आणि हात पुढं केला.

"मंग पोच द्या."

मी आत जाऊन कागद-पेन घेऊन आलो.